तारे कोणत्या मूलद्रव्यांचे बनलेले असतात? तिथे कोणी गेलेलं नसताना हे कळलं कसं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोन ओळींत संपतं. सूर्याचा पृष्ठभाग घेतला तर वजनाने सुमारे ७४ टक्के हायड्रोजन आणि २५ टक्के हेलियम. ऑक्सिजन, कार्बन, निऑन, लोखंड आणि बाकी सगळं मिळून दीड टक्क्याच्या आतबाहेर. बहुतेक ताऱ्यांचं प्रमाण याच्या जवळपासच असतं.

पण कळलं कसं, हा प्रश्न मला जास्त आवडतो. बारावीच्या वर्गात मी दरवर्षी त्याची सुरुवात मिठाने करते. तुम्हीही आज रात्री करून बघा. स्वयंपाकघरातला दिवा बंद करा, गॅस बारीक ठेवा आणि चिमूटभर बारीक मीठ निळ्या ज्योतीवर भुरभुरा. ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे असे स्वतःचे ठरलेले रंग असतात, आणि तापल्यावर जे रंग ते बाहेर टाकतं तेच रंग, मागून प्रखर उजेड आला तर, गिळतंही. म्हणून सूर्यप्रकाशाचा वर्णपट, म्हणजे लोलकातून दिसतो तो रंगांचा पट्टा, नीट पसरला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ च्या सुमारास अशा पाचशेहून जास्त रेघा नोंदवल्या होत्या. कोणती रेघ कोणाची हे किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी १८५९ नंतर प्रयोगशाळेतल्या ज्योतींशी ताडून दाखवलं.

इथे एक मोठी फसगत झाली. सूर्याच्या वर्णपटात कॅल्शियम आणि लोखंडाच्या रेघा ठसठशीत दिसतात. त्यामुळे सूर्य साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचा आहे, फक्त तापलेला, असं भलेभले मानत होते. पण रेघ गडद म्हणजे माल जास्त, असं नसतं. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेघा उमटायला त्याचा इलेक्ट्रॉन आधीच एक पायरी वर चढलेला लागतो, आणि सूर्याच्या साडेपाच हजार अंश तापमानात कोट्यवधी अणूंमध्ये एखाद्याचाच तसा असतो. कॅल्शियमला अशी अट नाही, त्याचे जवळजवळ सगळे अणू कामाला लागतात. म्हणजे मूठभर कॅल्शियमचा आवाज मोठा आणि महासागराएवढा हायड्रोजन गप्प!

हा हिशेब मांडण्याचं सूत्र १९२० मध्ये आपले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांनी दिलं. तापमान आणि दाब माहीत असेल तर किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेले असतील, ते त्यातून काढता येतं. ते वापरून हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन या पंचविशीतल्या मुलीने १९२५ च्या प्रबंधात दाखवलं की ताऱ्यांत हायड्रोजन इतर मूलद्रव्यांच्या मानाने प्रचंड आहे, धातूंच्या तर सुमारे दहा लाख पट. प्रिन्स्टनचे नामवंत खगोलशास्त्रज्ञ हेन्री रसेल यांना ते अशक्य वाटलं, आणि त्यांच्या सांगण्यावरून तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं की हा आकडा बहुधा खरा नसावा. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच निष्कर्षाला पोचले. त्यांनी तिचं काम नमूद केलं खरं, पण बरीच वर्षं श्रेय त्यांनाच मिळत राहिलं. मला याचा अजून राग येतो, म्हणून वर्गात मी तिचं नाव फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते.

आता हेलियम. 'त्याचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला ना?' हा प्रश्न इथे येतोच, म्हणून सांगते. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, आणि त्याच तारखेला विजयदुर्गावर हेलियम दिवस साजरा होतो. या शोधाचं श्रेय ज्या दोघा खगोलशास्त्रज्ञांना देतात, त्यांपैकी फ्रान्सचे जान्सेन त्या दिवशी मात्र गुंटूरला होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत एक पिवळी रेघ अनेक निरीक्षकांना दिसली आणि ती सोडियमची, म्हणजे आपल्या मिठातलीच, वाटली. दुसरे, नॉर्मन लॉकयर, तेव्हा इंग्लंडमध्ये होते. ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, त्यांनी ती रेघ पाहिली आणि ती सोडियमच्या जोडरेघेच्या शेजारी आहे, तिच्यावर नाही, हे ओळखलं. तेच हेलियम. पृथ्वीवर ते सापडायला १८९५ उजाडलं, रसायनशास्त्रज्ञ रॅम्झींना युरेनियमच्या एका खनिजात.

लॉकयर विजयदुर्गाला खरोखर आले, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यावर 'साहेबाचे कट्टे' म्हणून दाखवतात ते त्या मुक्कामाचे असणार, असं माझं मत. गेलात तर जरूर बघा, फक्त तीस वर्षं पुढची तारीख धरून.