बसऱ्याला गेलेल्या माणसाचा माग

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि फोटो मिळाले. पणजोबांचे थोरले भाऊ ‘बसऱ्याच्या लढाईत गेले’, एवढंच घरात माहीत आहे (बसरा म्हणजे आजच्या इराकमधलं बंदर) आणि जत्रेआधी त्यांच्या शौर्याचा फलक लावायचा चुलत्यांचा बेत आहे. बेत चांगला आहे. पण आधी तो माणूस जगला कसा ते शोध, फलकाचं मागाहून बघू. चुलत्यांना पटणार नाही, तरी तू ऐक.

फोटोतली देव्हाऱ्यातली तबकडी मी मोठी करून पाहिली. आजी तिला ‘सिंहवाली भवानी’ म्हणते, पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू वाहिलेलं आहे. ती बाई म्हणजे इंग्रजांची ब्रिटानिया. हातात पानांची माळ, पायाशी सिंह, कडेला दोन डॉल्फिन. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या वारसांना सरकारने पाठवलेली ही काशाची स्मृतिपट्टिका, साधारण 12 सेंटिमीटर व्यासाची. आजीला हे सांगायचं की नाही ते तू ठरव. मी तरी सांगितलं नसतं. उजवीकडच्या चौकटीत उठावाच्या अक्षरांत नाव असतं, ते कुंकवाखाली बुजलंय. कोरड्या मऊ ब्रशने हळूच मोकळं कर. चिंच किंवा पितांबरी लावलीस तर झीज होईल.

मात्र या पट्टिकेवर हुद्दा नसतो, पलटण नसते, नंबरही नसतो. ते सगळं पदकाच्या कडेवर कोरलेलं असतं. म्हणून आत्यांच्या, मावळणींच्या घरी विचार. रुप्याचं, राजाचा मुखवटा असलेलं एखादं पदक कुणाच्या डब्यात आहे का? बहुतेक घरांत ते दुष्काळात किंवा लग्नात आटवलं गेलं. मिळालं, तर कडेचा फोटो आडव्या उजेडात काढ. नंबर आणि पलटण दोन्ही हवेत. नंबर प्रत्येक पलटणीचे वेगळे असत, त्यामुळे नुसत्या नंबरावर भलताच माणूस हाती लागेल.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या थडग्यांची नि स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोध घे. नोंदी इंग्रजीत आहेत आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानाचं. विठू, विठोबा, गणू, गणोजी, सगळं उलटसुलट लिहून पाहा. आडनावापेक्षा गाव आणि बापाचं नाव जास्त खात्रीचं. तुमचं महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होतं; रायगड हे नाव 1981 मध्ये आलं, तेव्हा ‘रायगड’ टाकून काही मिळणार नाही.

नाव सापडलं तर बहुधा बसरा स्मारकाचा उल्लेख येईल. तिथे 40 हजारांहून अधिक जणांची आठवण आहे, पण हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांचीच नावं दगडावर कोरली. हवालदार, नाईक, शिपाई यांचे पलटणीगणिक नुसते आकडे. या असमान वागणुकीचा अहवाल खुद्द कमिशननेच 2021 मध्ये काढला. आपल्याकडच्या गावांतल्या महायुद्धाच्या पाट्याही तशाच: इतके गेले, इतके मेले, नाव एकाचंही नाही. तुमच्या फलकावर नाव येणार असेल, तर माझा फलकाला काडीचाही विरोध नाही.

पलटणीचा पत्ता लागला की तारीख जुळव. 103, 110 आणि 117 नंबरच्या मराठा पलटणी इंग्रज जनरल टाउनशेंडच्या हाताखाली होत्या. 22 नोव्हेंबर 1915 ला बगदादजवळ टेसिफॉनची लढाई सुरू झाली, मग माघार, मग 7 डिसेंबरपासून कुत गावाला तुर्कांचा वेढा. जवळपास पाच महिने. घोड्याचं मांस बऱ्याच हिंदी शिपायांनी शेवटच्या आठवड्यांपर्यंत नाकारलं, हातापायांवर स्कर्व्हीचे डाग आले. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. नंतर कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि कितीतरी हिंदी शिपायांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. मृत्यूची तारीख या टप्प्यांत कुठे पडते, त्यावर सगळी गोष्ट फिरते. घरात कुणी ‘काली पाचवी’ असं काही म्हणत असेल, तर ती 105 नंबरची पलटण, तिची वाट वेगळी. पलटणीच्या युद्ध-रोजनिश्या लंडनमधल्या क्यूच्या अभिलेखागारात आहेत, पण त्यांत साहेबांची नावं असतात, शिपायांचा बहुधा आकडाच.

त्यामुळे खरा माणूस महाडच्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये आहे. जुने फेरफार काढ. ‘मयत’ आणि ‘वारस’ हे दोन शब्द जिथे आहेत ते पान मागून घे. जमीन कुणाच्या नावे झाली, बायकोचं नाव लागलं की गाळलं गेलं, खोताकडची बाकी कुणी फेडली? आणि त्याहीआधी: कोकणातले पोरगे मुंबईला गिरणीत जायचे, हा पलटणीत का गेला? भाऊ लहान होते, बाकी थकली होती, की घरात भांडण झालं होतं? त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत तुमच्या कुळाची नावं असतील तर तीही बघ. त्यात एखाद्या यात्रेला कोण-कोण आलं होतं ते कळतं.

आजीशी बोलताना ‘ते कसे मेले’ विचारू नकोस. त्यांच्या बायकोचं पुढे काय झालं ते विचार. तुझ्या पत्रात ती बाई कुठेच नाही. तिने पाट लावला, म्हणजे दुसरं लग्न केलं असेल, माहेरी गेली असेल, याच घरात राबली असेल. पाटाची गोष्ट निघाली आणि चुलत्यांनी डोळे वटारले, तर तिथेच थांब. ती वहीत लिही, फलकावर नको.

तो तापाने किंवा हगवणीने गेला असं निघालं, तर घरात नाराजी होईल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, आजाराने हजारो गेले. ‘शत्रूशी झुंजताना’ हे शब्द कुणी घुसडू पाहील, तू घुसडू देऊ नकोस. तसंच इंटरनेटवरचा कुठल्यातरी पगडीवाल्या शिपायाचा फोटो चौकटीत लावून ‘आमचे आजोबा’ म्हणण्याची आता साथच आली आहे. चेहरा नसेल तर नाही.

फेरफार मोडी लिपीत निघाले, तर स्कॅन करून पाठव, मी वाचून देईन. कागदाची चारही टोकं दिसली पाहिजेत. समासातल्या शेऱ्यांतच तारखा असतात. पट्टिकेवरचं नाव मोकळं झालं की आधी तेच कळव.

तुझा,
काका