‘अंगात आली’ की ‘कुडी बदलली’?

व्हिडिओ गेमांवर मराठीत लिहिणाऱ्या शाहूपुरीतल्या भाच्याने विचारलंय: ‘एआयने रोबोटच्या शरीरात वास्तव्य केले’ हे वाक्य कानाला खटकतं, त्याऐवजी ‘एआय रोबोटच्या अंगात आली’ म्हटलं तर चालेल का?

खटकलं ते बरंच झालं. वास्तव्य पाहुणा करतो, नाहीतर भाडेकरू. ‘अंगात आली’ मात्र मलाही पहिल्या झटक्यात आवडलं होतं. मग जोतिबाचा डोंगर आठवला. चैत्राची यात्रा, हलगी तापलेली, केस मोकळे सोडून एक बाई घुमतेय, भोवती गुलाल आणि ‘चांगभलं’. वारं उतरलं तशी तिने पदर सावरला, तांब्याभर पाणी मागितलं आणि विचारलं, “पोरगं कुठाय माझं?” अंग तिचंच होतं, ती फक्त थोडा वेळ बाजूला सरली होती. अंगात यायला त्या अंगाला आधी मालक लागतो. कोऱ्या पत्र्याच्या अंगात काय येणार?

म्हणून आधी बघायचं, शरीर रिकामं होतं का, आणि आत शिरणाऱ्याने आपली जुनी जागा सोडली का.

‘टायटनफॉल २’ (२०१६) घे. बीटी या टायटनचा, म्हणजे अजस्र लढाऊ यंत्राचा, सांगाडा मोडतो. त्याचा पायलट कूपर आतला डेटा कोर, म्हणजे बीटीचं मन ज्यात साठवलंय तो भाग, काढून घेतो आणि पुढे नव्या टायटनमध्ये बसवतो. याला ‘परकायाप्रवेश’ म्हणायचा मोह होईल. पण आद्य शंकराचार्यांच्या आख्यायिकेत ते स्वतःच्या योगबळाने मेलेल्या अमरू राजाच्या देहात शिरतात आणि शिष्य मागे त्यांचा देह राखत बसतात. बीटीला दुसऱ्याने उचलून नेलं, आणि राखायला मागे काही उरलंही नव्हतं. उद्यमनगरातला मिस्त्री यावर एवढंच म्हणेल, “इंजिन काढलं, दुसऱ्या चासीवर चढवलं.” तू ‘बीटीने कुडी बदलली’ लिही. ‘कुडीत जीव आहे तोवर’ असं आपण आजही म्हणतो, आणि कुडी म्हणजे जिवाचं नुसतं घर. रोबोटच्या शरीराला याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही.

‘मास इफेक्ट ३’ (२०१२) मधली ईडी (नाव ऐकून आपल्याकडे भलतंच आठवतं, ते सोड) जहाजाची एआय आहे. ती शत्रूच्या यंत्रदेहाचा ताबा घेते आणि त्या देहाने चालते-बोलते, पण जहाज सोडत नाही. देव वैकुंठात असतोच आणि खालीही येतो, तसं. इथे ‘देह धारण केला’ किंवा सरळ ‘अवतार घेतला’ शोभेल. गेमवाल्यांनी हा शब्द आपल्याकडूनच उचललाय. घरात मात्र तो ‘हा काय अवतार करून आलायस?’ एवढ्यापुरताच उरलाय.

खरी गंमत ‘पोर्टल २’ची (२०११). ग्लॅडॉस या एआयला तिच्या भल्यामोठ्या यंत्रदेहातून काढून तिथे व्हीटली नावाचा गोळा जोडतात, आणि तिची रवानगी होते बटाट्यावर चालणाऱ्या चिमुकल्या डब्यात. तोवर भाबडा वाटणारा व्हीटली त्या देहात जाताच फिरतो. सगळ्यांच्या चाचण्या घ्यायची खाज त्या देहातच आहे, ती याला लागते. यासाठी मराठीत ‘गादीवर बसला’ आहे की! गादीचा गुण माणसाला लागतो, हे कोल्हापूरकराला काय समजावून सांगायचं?

‘नियर ऑटोमाटा’त (२०१७) नाइनएस हा अँड्रॉइड (माणसासारखा दिसणारा रोबोट) हॅकिंग करून शत्रूची यंत्रं लांबून आपल्या तालावर नाचवतो. त्या यंत्रांना स्वतःची थोडीफार अक्कल असते, म्हणून तिथे ‘झपाटलं’ खुशाल लिही.

आणि एआय तो, ती की ते, हे तू विचारलं नाहीस, पण पुढे अडशीलच. बुद्धिमत्ता स्त्रीलिंगी म्हणून सगळ्यांना ‘ती’ करू नकोस. आवाज कुणाचा आहे बघ. बीटी ‘तो’, ग्लॅडॉस ‘ती’.