आधी प्रिंटर बघा

प्रश्न : सत्तरीतले आमचे वाचनालय छोटे आहे. एका कार्यालयाने पाच जुने संगणक दिले. सगळे एकाच मॉडेलचे, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचे, प्रत्येकात २ जीबी रॅमची एकच पट्टी, विंडोज ७. दुकानदार म्हणतो, भंगारात घाला. पुस्तकांची यादी, वर्गणी आणि उत्सवाच्या पत्रिका, एवढेच आमचे काम. चवथीपूर्वी काही जमेल?
– कार्यवाह, वाळपई

उत्तर : जमेल, पण पाचांचे तीन होतील. दोन संगणक मोडा आणि त्यांची रॅम दुसऱ्या दोघांच्या रिकाम्या खाचेत घाला. या दोघांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती चालेल. उरलेला २ जीबीचा फक्त यादी पाहायला ठेवा. खर्च करायचाच तर एसएसडीवर, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर करा. जुनी हार्ड डिस्क काढलीत की फरक लगेच कळेल. पावसात दमटपणाने रॅमच्या पट्टीच्या सोनेरी कडेवर थर धरतो, ती कड खोडरबराने पुसून घ्या. घड्याळ मागे पडत असेल तर आतला सीआर २०३२ सेल बदला, नाहीतर तारीख चुकीची म्हणून वेबसाइट उघडणार नाहीत.

खरी मेख दोन ठिकाणी आहे. पहिली प्रिंटर. पेनड्राइव्हवरून मिंट नुसते चालवून बघता येते, काही पुसले जात नाही. तेवढ्यात एक पान छापून बघा. एचपीचे बहुतेक प्रिंटर सहज ओळखले जातात. इतर काही जुन्या लेझर प्रिंटरना मात्र ड्रायव्हरच मिळत नाही.

दुसरी तुमच्या पत्रिका. त्या श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये असल्या, तर मिंटवरच्या लिबरऑफिस या ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये नुसती चिन्हे दिसतील. विंडोज काढण्याआधी प्रत्येकीची पीडीएफ करून ठेवा. मजकूर पुन्हा लागणार असेल तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे वाचता येणाऱ्या लिपी-संकेतात आणा. पुढचे टायपिंग इन्स्क्रिप्ट या कळफलकाने करायचे. टायपिस्ट कुरकुरेल, कुरकुरू द्या.

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरचे नाव कोणी सुचवील. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयासाठी ते बनले, २००० पासून वापरात आहे, आणि चांगलेही आहे. पण त्याला सर्व्हर लागतो आणि तो सांभाळणारा माणूस. तुम्हाला लिबरऑफिसचा कॅल्क, म्हणजे एक्सेलसारखा तक्ता पुरे. फक्त दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक आणि कपाट यांचे रकाने वेगळे ठेवा.

मोडलेल्या दोघांचे एसएमपीएस (वीज पुरवणारे डबे) आणि पंखे जपून ठेवा. हार्ड डिस्क मात्र पूर्ण पुसल्याशिवाय कोणाला देऊ नका, त्या कार्यालयाची कागदपत्रे अजून आत असतील.