वाचकांचे प्रश्न : रक्कम नसलेले बिल डेटाबेसने घेतलेच कसे?

प्रश्न : आमच्या ग्राहक भांडारात पुरवठादारांची बिले एक्सएमएल फाइलींच्या रूपात येतात आणि त्या आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमधील एक्सएमएल प्रकाराच्या कॉलममध्ये साठवतो. एका बिलात रकमेचा टॅगच नव्हता, तरीही ते विनातक्रार साठवले गेले. महिनाअखेरीस हिशेब जुळेना तेव्हा चूक उघडकीस आली. कॉलमचा हा एक्सएमएल प्रकार तपासणी करत नाही काय? (सांगली)

उत्तर : करतो, पण आपल्याला अपेक्षित असलेली नव्हे. एक्सएमएलच्या १९९८ सालच्या मूळ शिफारशीपासूनच दोन कसोट्या वेगळ्या मानलेल्या आहेत. उघडलेला प्रत्येक टॅग बंद झाला आहे काय, टॅग एकमेकांत नीट बसले आहेत काय, एवढेच पहिली पाहते. तिला उतरलेले कागदपत्र ‘वेल-फॉर्म्ड’. कोणता टॅग असलाच पाहिजे, कोणता किती वेळा यावा, त्यात आकडा हवा की तारीख, हे स्कीमा किंवा डीटीडी (कागदपत्राच्या रचनेची वेगळी लिहिलेली नियमावली) ठरवते आणि त्या कसोटीला उतरलेले कागदपत्र ‘व्हॅलिड’. आपले बिल असे असणार :

<बिल><क्रमांक>४५७</क्रमांक><पुरवठादार>…</पुरवठादार></बिल>

व्याकरणाच्या दृष्टीने यात काहीही चुकलेले नाही. पोस्टग्रेस केवळ पहिली कसोटी लावते. स्कीमाशी ताडून पाहण्याची सोय त्यात नाही. किंबहुना पहिली कसोटीही मूळ सेटिंगमध्ये सैलच असते, कारण तिथे ‘डॉक्युमेंट’ऐवजी ‘कंटेंट’ गृहीत धरले जाते आणि त्यामुळे दोन मूळ टॅग असलेला तुकडा, इतकेच काय, नुसता ‘नमस्कार’ हा शब्दही एक्सएमएल म्हणून स्वीकारला जातो.

म्हणून कॉलमवर ‘इज डॉक्युमेंट’ ही चेक अट (न बसणारी नोंद नाकारणारी अट) आधी घालावी आणि तिच्या जोडीला, टॅगपर्यंतचा मार्ग शोधणारे ‘एक्सपाथ_एक्झिस्ट्स’ वापरून ‘/बिल/रक्कम’ अस्तित्वात असल्याची दुसरी अट घालावी. पुढे ‘एक्सएमएलटेबल’ने (हे पोस्टग्रेसच्या १० व्या आवृत्तीपासून मिळते) एक्सएमएलमधून तक्त्याच्या ओळी काढताना रकमेचा कॉलम ‘न्यूमेरिक नॉट नल’ असा जाहीर केला, तर टॅग गाळलेला असो, दोनदा आलेला असो की त्यात आकड्याऐवजी अक्षरे असोत, चूक तिथल्या तिथे दिसते. एक सावधगिरी मात्र हवी : एक्सएमएलमध्ये टॅगची नावे देवनागरीत चालतात, परंतु ‘न्यूमेरिक’ प्रकाराला देवनागरी अंक चालत नाहीत, तेव्हा क्रमांक मजकूर म्हणून वाचला तरी रक्कम इंग्रजी अंकांतच मागवावी. शिवाय सर्व्हरचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटमध्ये मांडण्याची पद्धत) यूटीएफ-८ नसेल, तर देवनागरी मजकुरावर ‘एक्सपाथ’ आणि ‘एक्सएमएलटेबल’ चालतीलच असे नाही.

पूर्ण स्कीमा-तपासणी हवी असल्यास ती फाइल डेटाबेसमध्ये शिरण्यापूर्वी ‘एक्सएमएललिंट’ने करावी, असे माझे मत आहे, पोस्टग्रेस स्वतः ज्या लिबएक्सएमएल२ लायब्ररीवर विसंबते, तिच्याच सोबत हे साधन येते. ट्रिगरमध्ये (नोंद घालताना डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) पायथन घालून तेच काम करणारे लोक आहेत, पण नाकारलेल्या बिलाचे कारण पुरवठादाराला कळवायचे असते आणि ते काम ट्रिगरला जमत नाही. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये कॉलमला स्कीमा कलेक्शन बांधता येते व न बसणारे बिल इन्सर्टच्या वेळीच परत फिरते. ओरॅकलमध्येही स्कीमा नोंदवता येतो, मात्र ऑब्जेक्ट-रिलेशनल पद्धतीने साठवल्यास इन्सर्टच्या वेळची तिथली तपासणी अर्धवट असते, त्यामुळे तेव्हा ‘एक्सएमएलइजव्हॅलिड’ची चेक अट वेगळी लिहावी लागते.

प्रश्न : बँकेकडून आलेले कॅम्ट.०५३ नमुन्याचे खातेविवरण पोस्टग्रेसमध्ये नीट साठवले जाते, पण ‘एक्सएमएलटेबल’ एकही ओळ देत नाही आणि त्रुटीही दाखवत नाही. टॅगची नावे अक्षर न् अक्षर तपासली आहेत. (ठाणे)

उत्तर : नावे बरोबर आहेत, आडनाव राहिले आहे. आयएसओ २००२२ मानकाच्या या फाइलींमध्ये मूळ टॅगवरच डिफॉल्ट नेमस्पेस (टॅग कोणत्या घराण्याचा हे सांगणारी ओळख) जाहीर केलेला असतो, त्यामुळे उपसर्ग दिसत नसला तरी आतला प्रत्येक टॅग त्या नेमस्पेसचा ठरतो. टॅगपर्यंतचा मार्ग लिहिण्याच्या भाषेची, एक्सपाथची, पोस्टग्रेसमध्ये चालणारी आवृत्ती १.० आहे आणि तिच्या नियमाप्रमाणे उपसर्ग नसलेले नाव म्हणजे कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला टॅग. असा टॅग फाइलीत नाही, म्हणून शून्य ओळी. ही चूक नसून अचूक उत्तरच आहे. ‘एक्सएमएलनेमस्पेसेस’ कलमात तो नेमस्पेस ‘क’सारख्या कोणत्याही उपसर्गाला जोडावा आणि मार्गातील प्रत्येक नावापूर्वी तो उपसर्ग लावावा, मधले एक नाव सुटले तरी पुन्हा शून्य. या कलमात ‘डिफॉल्ट’ लिहिण्याची पळवाट पोस्टग्रेसमध्ये चालत नाही.

नेमस्पेसच्या शेवटी आवृत्तीचा क्रमांक असतो, हेही ध्यानात असू द्यावे. बँक ००१.०२ वरून ००१.०८ वर गेली की तीच क्वेरी मुकाट्याने रिकामी होते. फक्त टॅगचे नाव पाहणारे ‘लोकल-नेम’ वापरून नेमस्पेस टाळण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो. मी तो देणार नाही, कारण आवृत्ती बदलली हे कळण्याची जागाच त्याने नाहीशी होते. ओळी शून्य आल्या तर फाइल बाजूला ठेवून सूचना पाठवणारी व्यवस्था त्यापेक्षा बरी.

प्रश्न : एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठी मजकुराची एक्सएमएल घालताना ‘एन्कोडिंग बदलता येत नाही’ अशी त्रुटी येते. (पणजी)

उत्तर : पुढे ‘एन’ हे अक्षर लावलेली स्ट्रिंग (मजकूर) यूटीएफ-१६ असते आणि फाइलीची पहिली ओळ यूटीएफ-८ सांगते, हा विरोध सर्व्हरला मान्य नाही. ‘एन’ काढू नये, मराठीची प्रश्नचिन्हे होण्याची भीती आहे. पहिल्या ओळीतील एन्कोडिंगचा उल्लेख काढावा, किंवा फाइलीचे बाइट जसेच्या तसे ‘व्हारबायनरी’ म्हणून देऊन मग एक्सएमएलमध्ये रूपांतर करावे.