उलटीच्या गोळीने हात थरथरतो, म्हणजे पार्किन्सनच का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मळमळीसाठी आईंना महिनाभर मेटोक्लोप्रमाइड दिलं, आता हात थरथरतोय आणि डॉक्टर म्हणतात 'मेंदूतले रिसेप्टर अडलेत'. हा पार्किन्सनच असेल असं नाही.

रिसेप्टर म्हणजे पेशीवरचं कुलूप आणि डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन म्हणजे त्याची किल्ली. पार्किन्सनमध्ये किल्ल्या घडवणाऱ्या पेशीच मरत जातात. इथे किल्ल्या शाबूत आहेत, पण गोळी डी-२ नावाच्या कुलपात अडकून बसते. बाहेरून मात्र सारखंच दिसतं: थरथर, ताठरपणा, मंदावलेली चाल. १९५७च्या सुमारास आर्विद कार्लसन या स्वीडिश शास्त्रज्ञांनी रेसर्पिन (मेंदूतलं डोपामिन संपवणारं औषध) देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (ज्याचं शरीरात डोपामिन बनतं) दिलं आणि ते पुन्हा हालचाल करू लागले. डोपामिनवरच्या या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं.

आमच्या नौपाड्याच्या मावशीला चक्करेसाठी वर्षभर सिनारिझिन चालू होतं. तिचा कप बशीत खडखड वाजायचा, तलावपाळीला फिरताना पाय घासत चालायची. सगळ्यांनी 'वय झालं' म्हणून सोडून दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. गोळी बदलल्यावर तीनेक महिन्यांत कप शांत झाला.

काहींना आत दबलेला पार्किन्सन असतो आणि गोळी फक्त तो उघडा पाडते, त्यामुळे न्यूरोलॉजिस्टला दाखवाच. जाताना आईंच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आयुर्वेदिकसुद्धा. मानसिक आजाराच्या काही गोळ्याही हेच कुलूप अडवतात, पण तशी एखादी चालू असेल तर ती मात्र स्वतःहून बंद करू नका.