पहिली छायाचित्रे काढून घेताना
मुंबईत अभिनयासाठी नुकतेच आला असाल, तर पहिल्याच महिन्यात महागडा पोर्टफोलिओ, म्हणजे स्टुडिओत काढलेल्या छायाचित्रांचा संच, करून घेऊ नका, असे मी आग्रहाने सांगेन. वर्सोव्याच्या आराम नगरमधील कास्टिंगच्या, म्हणजे कलाकार निवडण्याच्या, कचेऱ्यांत आधी पाहिला जातो तो तुमचा आजचा चेहरा. म्हणून खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, साध्या एकरंगी कपड्यांत, जवळजवळ मेकअपविना समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उंचीची छायाचित्रे काढून घ्यावीत आणि चेहऱ्यावरचा तीळ किंवा व्रण संगणकावर पुसू देऊ नये, कारण ऑडिशनला आलेली व्यक्ती छायाचित्राहून वेगळी दिसली, तर निवड करणाऱ्याचा विश्वास तिथेच उडतो. डोळे मात्र नेमके फोकसमध्ये हवेत. केस कापले किंवा दाढी वाढवली, की नवी छायाचित्रे काढावीत. ‘आमच्याच स्टुडिओत पोर्टफोलिओ करा, मग काम देतो’ असे सांगणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.