कार्डाची मागची बाजू

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. बराचसा भाग तुमच्या पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाच्या पिचरच्या, म्हणजे पॉल स्कीन्सच्या, बेसबॉल कार्डांचे भाव, कुठलं ठेवू, कुठलं विकू यातच गेलाय. शेवटी जाता जाता विचारलंयस, ‘काका, मी त्याला मैदानात टाकताना एकदाही पाहिलेलं नाही. रूममेट म्हणते, तू कसली फॅन! खरंच नाहीये का मी?’

रूममेटचं बरोबर आहे. अजून तरी तू फॅन नाहीस. पण ही काही शिवी नाही, आणि बेसबॉलची कार्डं जमवायला बेसबॉलचं वेड असावंच लागतं असंही नाही. या छंदाच्या मूळपुरुषालाच ते नव्हतं. जेफरसन बर्डिक म्हणून एक अविवाहित गृहस्थ न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूजला राहायचे. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, आणि संधिवाताने हात वाकडे झालेले. या माणसाने सिगारेटच्या पाकिटातली, गमबरोबरची, दुकानदारांनी वाटलेली अशी छापील चित्रं आणि कार्डं मिळून तीन लाखांवर नग जमवले. त्यात बेसबॉलची तीस हजारांहून जास्त. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध संचाला आपण आजही ‘टी-२०६’ म्हणतो, तो क्रमांक बर्डिकच्याच यादीतला. सगळा संग्रह त्याने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला, आणि तिथे बसून वर्षानुवर्षं स्वतःच्या त्या दुखऱ्या हातांनी आल्बममध्ये चिकटवला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं आणि मार्चमध्ये तो गेला. आणि हा माणूस कधी बेसबॉलचा सामना बघायला गेल्याची नोंद सापडत नाही!

बर्डिकला मी ढोंगी म्हणणार नाही. त्याचं प्रेम कागदावर होतं, छपाईवर होतं, यादी पुरी करण्यावर होतं, आणि त्याने ते दुसऱ्या कशाच्या नावावर खपवलं नाही. संग्राहक वेगळा, चाहता वेगळा. कधी दोघं एकाच माणसात नांदतात, कधी नाही. अडचण होते ती तिसऱ्याची, म्हणजे भाव बघणाऱ्याची. तो संग्राहकाकडे गेला की स्वतःला फॅन म्हणवतो आणि फॅनकडे गेला की संग्राहक. तुझा मेसेज वाचताना मला हा तिसरा मधूनमधून डोकावताना दिसला, म्हणून हे पत्र लांबणार.

तुझ्याच गावातलं उदाहरण घे. २०२३ पासून मोठ्या लीगमध्ये (मेजर लीग) पदार्पण करणारा खेळाडू बाहीवर एक पॅच लावून खेळतो. नंतर तो पॅच काढून त्याची स्वाक्षरी असलेल्या एका कार्डात बसवतात, आणि तसं कार्ड जगात एकच असतं. स्कीन्सचं कार्ड लॉस एंजेलिसच्या अकरा वर्षांच्या मुलाला नाताळच्या भेटीतल्या पॅकमध्ये सापडलं. पायरेट्सने आधीच जाहीर केलं होतं की कार्ड आम्हाला द्या, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो त्या जागेच्या, मागची दोन सीझन तिकिटं तीस वर्षं तुमची. वर स्कीन्सची भेट, सह्या केलेल्या जर्सी वगैरे. त्या घराने नकार दिला. मार्च २०२५ मध्ये लिलाव झाला, ११ लाख १० हजार डॉलर आले, आणि पिट्सबर्गजवळच मुख्यालय असलेल्या एका खेळसाहित्याच्या कंपनीने ते विकत घेतलं.

तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली होती, की बघा, खेळावरचं प्रेम संपलं. मला ते पटलं नाही. लॉस एंजेलिसच्या पोराने तीस वर्षं पिट्सबर्गच्या दोन खुर्च्यांचं करायचं काय? आणि तेही १९७९ नंतर वर्ल्ड सीरिज, म्हणजे लीगचं अजिंक्यपद, न जिंकलेल्या संघाच्या? मला त्या गोष्टीत खटकलं ते वेगळंच. कार्ड कुठे आहे, कोणाला सापडलं, कितीला जाईल यावर महिनोन्‌महिने चर्चा झाली, आणि ११ मे २०२४ च्या ज्या सामन्यात तो पॅच त्याच्या बाहीवर होता, त्या सामन्यात काय झालं याबद्दल चकार शब्द नाही. पॅच महत्त्वाचा कशामुळे झाला तेच कोणी विचारेना.

हे असं आधीपासून नव्हतं, आणि गंमत म्हणजे आजचे मोठे भाव त्या जुन्या बेपर्वाईतूनच आलेत. टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५२ च्या संचातलं, मिकी मॅन्टल या खेळाडूचं ३११ नंबरचं कार्ड ऑगस्ट २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. ते मॅन्टलचं पहिलं कार्डसुद्धा नाही; पहिलं १९५१ चं, बोमन कंपनीचं. मग एवढी किंमत का? तर संचातले शेवटचे नंबर दुकानात उशिरा आले. तोवर बेसबॉलचा मोसम उतरणीला लागलेला, पोरांच्या डोक्यात फुटबॉल शिरलेला. माल पडून राहिला, आणि १९६० मध्ये टॉप्सच्या साय बर्गरने उरलेली खोकी न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ चक्क समुद्रात बुडवली. त्या पोरांना मोसम संपल्यावर कार्डाचं काही वाटत नव्हतं, कारण त्यांचा जीव सामन्यात होता. जी कार्डं घरी होती ती सायकलच्या चाकात फटफट वाजवायला लावली, नाहीतर आयांनी झाडलोट करताना फेकली.

याच्या उलट १९८० चं दशक. कोर्टाच्या निकालानंतर १९८१ पासून टॉप्सची मक्तेदारी गेली, एकापाठोपाठ एक कंपन्या उतरल्या, आणि ‘ही गुंतवणूक आहे’ अशी हवा झाली. लोकांनी बंद डबेच्या डबे माळ्यावर टाकले. मी न्यू जर्सीत आलो ते याच दिवसांत. ऑफिसातला एकजण सांगायचा, पोराचं कॉलेज यातून निघेल. प्रत्येकाने जपून ठेवलं, त्यामुळे आज त्या कार्डांना रद्दीचा भाव आहे. ज्या पिढीने खेळावर प्रेम केलं तिची कार्डं सोन्याची झाली, आणि ज्या पिढीने कार्डांवर केलं तिची पुठ्ठ्याची राहिली. भाव बघणाऱ्यांनी तरी याचा विचार करायला हवा होता.

पण त्याच रद्दीने मला बेसबॉल शिकवला. आपण क्रिकेटवाले, लहानपणी ट्रम्प कार्डांवरचे मॅचेस, रन्स, कॅचेस पाठ करून वाढलेलो. त्यामुळे आकड्यांच्या ओळी वाचायची सवय होती. टॉप्सचा संच तेव्हा ७९२ कार्डांचा असायचा. तो पुरा करायचा तर नुसते हिरो मिळून भागत नसे. कुठल्यातरी तळाच्या संघाचा राखीव कॅचरही (आपल्या यष्टिरक्षकासारखा) लागायचा. ते कार्ड उलटायचं. करड्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरांत त्याची एकेका वर्षाची ओळ असे: कुठल्या गावात खेळला, किती सामने, किती हिट्स. ज्याची कारकीर्द लांब, त्याची अक्षरं मुंगीएवढी. ज्याची जेमतेम, त्याच्या मागे जागा उरायची. मग तिथे ‘मोसम नसताना याला मासेमारी आवडते’ असलं काहीतरी भरून टाकलेलं. सहा वर्षं छोट्या गावांत घासून सातव्या वर्षी वर आलेला माणूस त्या ओळींत सरळ दिसायचा. रात्री टीव्हीवर तोच बॅटिंगला आला की आपण सरसावून बसायचो. ओळख असायची ना!

आज तू जे विकत घेतेस त्यात हा राखीव कॅचर येतच नाही. ऑनलाइन ब्रेकमध्ये तू ‘पायरेट्स’ची जागा घेतलीस असं लिहिलंयस. म्हणजे कॅमेऱ्यासमोर कोणीतरी पेटी फोडणार, तीस संघांच्या जागा आधीच विकलेल्या, आणि पायरेट्सचं स्वाक्षरीचं काही निघालं तर तुझं, नाहीतर हरी हरी. साधी कार्डं तर बरेचजण पाठवतसुद्धा नाहीत. पोरी, हा मटका आहे. आकडा लागला की फोटो टाकायचा, नाही लागला की गप्प बसायचं, तेही अगदी तसंच. स्टायपेंडच्या पैशात हा उद्योग बंद कर, आजपासून. यात मी गोड बोलणार नाही. आणि ग्रेडिंगचं, म्हणजे कार्डाच्या स्थितीला गुण देण्याचं, विचारलंयस, तर फोटोत वरचा डावा कोपरा पांढरा पडलेला दिसतोय. त्याला दहापैकी दहा मिळणार नाहीत. तसंच राहू दे.

आता तुझ्या बाजूनेही थोडं. पायरेट्सचा तरुण खेळाडू कॉनर ग्रिफिन खालच्या (मायनर) लीगच्या संघांतून ओल्टूनाच्या संघापर्यंत कसा चढला हे तुला तोंडपाठ आहे. माझ्या ओळखीतल्या पक्क्या फॅन लोकांनाही मोठ्या लीगच्या खाली कोण खेळतंय हे माहीत नसतं. कार्डवाल्यांचा हा अभ्यास खरा आहे, त्याला मी नावं ठेवणार नाही. फक्त एक बघ. बाजाराचं प्रेम माणूस काय होऊ शकेल यावर असतं. एकदा तो काय झाला हे कळलं, म्हणजे बरा, कामाचा, चौदा वर्षं नीट खेळणारा दुसऱ्या बेसवरचा माणूस झाला, की बाजाराचं त्याच्याशी काम संपतं. आणि फॅनचं नेमकं तिथून सुरू होतं. पायरेट्सने १९९३ ते २०१२ अशी सलग वीस वर्षं जिंकण्यापेक्षा हरण्याचाच पाढा गिरवला. त्या वीस वर्षांत जी माणसं तिकीट काढून बसत होती, त्यांच्याकडे विकण्यासारखं काही नव्हतं.

स्कीन्सचंच बघ. २०२५ ला त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि तुझ्या कार्डांचा भाव चढला, एवढं तू मला कळवलंस. त्या वर्षाची त्याची ओळ एकदा नीट वाच. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी १.९७, दोनशेवर स्ट्राइकआउट, आणि विजय १०, पराभव १०. असं टाकणारा माणूस दहा सामने हरतो कसा? हा प्रश्न पडला की तू कार्डाच्या पुढच्या बाजूवरून मागच्या बाजूवर आलीस असं समज. उत्तर बॅटिंग करणाऱ्या दुसऱ्या नऊ जणांत आहे. ते धावा करत नव्हते. तुझ्याकडे त्या नऊांतल्या किती जणांची कार्डं आहेत?

मात्र कार्डावर छापलंय म्हणून ते खरं असंही धरून चालू नकोस. पायरेट्सच्याच रॉबर्तो क्लेमेंतेचं १९५५ चं पहिलं टॉप्स कार्ड त्याच्या खऱ्या नावाने आहे. पण १९५७ पासून १९६९ पर्यंत कंपनीने त्याला ‘बॉब’ करून टाकलं, गोऱ्या गिऱ्हाइकाच्या जिभेला सोपं म्हणून. पोर्तो रिकोचा तो मानी माणूस. आपण रॉबर्तो आहोत हे तो वारंवार सांगत राहिला. ३००० हिट्स पुऱ्या केल्या आणि त्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९७२ ला, निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना विमान कोसळून गेला. पिट्सबर्गचे लोक त्याला आजही रॉबर्तोच म्हणतात. तेरा वर्षांचे संच एका बाजूला आणि गाव दुसऱ्या बाजूला, यात बरोबर कोण हे गावात राहणाऱ्यालाच कळतं. तू तर तिथेच राहतेस.

म्हणून येत्या मोसमात एक कर. डाउनटाउनपर्यंत बसने जा आणि क्लेमेंतेच्या नावाचा पूल चालत ओलांड. सामन्याच्या दिवशी तो गाड्यांना बंद असतो. मैदानाबाहेर पायरेट्सच्या जुन्या काळच्या होनस वॅगनरचा पुतळा आहे. टी-२०६ मधलं सत्तर लाख डॉलरच्या पुढे गेलेलं कार्ड याचंच. त्याने ते छापणं थांबवायला लावलं म्हणून दुर्मिळ झालं. कोणी म्हणतं पोरांनी सिगारेटी घेऊ नयेत म्हणून, कोणी म्हणतं पैसे मिळाले नाहीत म्हणून. बघून पुढे जा.

पहिल्यांदा जाशील तेव्हा स्कीन्सचा दिवस टाळ. मुद्दाम सांगतोय. तो असला की तू त्यालाच बघत बसशील आणि सातव्या इनिंगला तो गेला की फोन काढशील. मधल्या वारी, कुठल्यातरी साध्या संघाविरुद्ध, वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढ. बरोबर स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घे. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो: शॉर्टस्टॉप म्हणजे ६, सेकंड बेस ४, फर्स्ट बेस ३. चेंडू तसा फिरून दोघं बाद झाले की ‘६-४-३’ लिहायचं. बॅटर बॅट न फिरवता नुसता बघत बाद झाला की ‘के’ (स्ट्राइकआउटची खूण) उलटा काढायचा. पहिल्या तीन इनिंग गोंधळ होईल. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला विचार. पेन्सिल हातात दिसली की ती मंडळी खुशीत येतात, आणि मग नववी इनिंग संपेपर्यंत गप्प बसत नाहीत. याची मात्र तयारी ठेव. स्कीन्सला दुसऱ्या खेपेला बघ. तेव्हा आधीच्या सामन्यातले नऊजण ओळखीचे झालेले असतील.

बॅगेत कार्डं नेऊ नकोस. सह्या घ्यायच्याच असतील तर स्कोअरकार्डावर घे.

आणि कार्डं सोडून दे असं मी म्हणत नाहीये, मीही सोडलेली नाहीत. ब्रेकच्या पैशातला चौथा हिस्सा बाजूला काढ आणि टॉप्सची साधी सिरीज वन हाताने जमव. साडेतीनशेच्या आसपास कार्डं असतात, बहुतेक अगदी स्वस्त, आणि विकायची म्हटली तर कोणी घेणार नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी सोय. माझ्याकडे डबल निघालेल्यांचे दोन खोके भरलेत. तुझ्याकडे नसलेले नंबर लिहून पाठव, पुढच्या आठवड्यात पोस्टात टाकतो. पायरेट्सची तेवढी पाठवणार नाही, ती तिथल्या दुकानात बस आणि चाळून चाळून काढ.

आईला नमस्कार सांग. थीसिसचं काय झालं तेही कळव.

तुझा,
काका